शिखर कुणाचे, ओझे कुणाचे?



या सदरात आपण एरवी भविष्यनिर्वाह निधी, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकेचे कर्ज, पगाराच्या पावतीवरची वजावट असल्या विषयांवर बोलतो. आज जरा दूरचा प्रवास करू. आफ्रिका खंडातील टांझानिया देशात, केनियाच्या सीमेजवळ, किलिमांजारो नावाचा पर्वत आहे. जगभरातले हौशी गिर्यारोहक तिथे धाव घेतात. आपल्या मुंबई-पुण्याहूनही आता टोळ्या जातात. शिखरावरच्या पाटीजवळ तिरंगा धरून काढलेले फोटो मोबाईलवर आपल्या घराघरांत पोहोचतात. मुले विचारतात, हा डोंगर कुठे आहे, आपण जाऊ शकू का? तेव्हा घरातल्या मोठ्यांना काही माहिती असावी, एवढा एक हेतू आहे. दुसरा हेतू असा की, कारकुनी करणाऱ्या माणसाला कुठलीही गोष्ट जमा आणि नावे अशा दोन रकान्यांत मांडल्याशिवाय चैन पडत नाही. या डोंगराचा हिशेबही तसा मांडून पाहण्यासारखा आहे.

प्रथम डोंगराची ओळख करून घेऊ. किलिमांजारोची उंची ५,८९५ मीटर, म्हणजे १९,३४१ फूट. आफ्रिकेतला हा सर्वांत उंच पर्वत. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवली, तिच्यावर तिसरी ठेवली आणि वर आणखी अर्धी ठेवली, तर किलिमांजारोच्या माथ्याशी बरोबरी होईल. हिमालयासारखी डोंगररांग इथे नाही. सपाट माळावर हा एकटाच उभा आहे. तो ज्वालामुखीतून तयार झाला. त्याला तीन माथे आहेत : शिरा, मावेन्झी आणि किबो. शिरा आणि मावेन्झी कायमचे विझले आहेत. किबो सर्वांत उंच. तो झोपलेला आहे, पण त्याच्या मुखातून अजून गंधकाचा वायू निघतो.

गंमत अशी की, हा पर्वत विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला आहे. पायथ्याशी केळीच्या आणि कॉफीच्या बागा. त्यांच्यावर घनदाट पावसाळी जंगल. त्याच्यावर झुडपे आणि गवत. मग नुसता दगड-मातीचा कोरडा, उघडा पट्टा. आणि सर्वांत वर बर्फ. पाच-सहा दिवसांच्या चालीत माणूस उन्हाळ्यातून निघतो आणि हाडे गोठवणाऱ्या थंडीत पोहोचतो.

हा डोंगर इतका लोकप्रिय का झाला? कारण नेहमीच्या वाटांनी माथ्यावर जायला दोर, खिळे, बर्फ फोडायची कुऱ्हाड असली साधने लागत नाहीत. धडधाकट माणूस चालत जाऊ शकतो. मरांगू, मचामे, लेमोशो, रोंगाई अशा अनेक वाटा आहेत. मरांगूच्या वाटेवर मुक्कामाला लाकडी खोल्या आहेत, बाकीच्या वाटांवर तंबूत राहावे लागते. शेवटच्या मुक्कामावरून बहुतेक जण मध्यरात्री निघतात. डोक्याला बॅटरी बांधून, मुंगीच्या पावलांनी, रात्रभर चढत राहायचे आणि सूर्य उगवायच्या सुमारास कड्यावर पोहोचायचे असा रिवाज आहे. दरवर्षी सुमारे पस्तीस ते पन्नास हजार लोक हा प्रयत्न करतात.

पण चालत जाता येते म्हणून तो सोपा आहे असे कुणी समजू नये. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या जवळपास निम्मा होतो. म्हणजे प्रत्येक श्वासाला निम्माच प्राणवायू मिळतो. शरीराला याची सवय व्हायला दिवस लागतात. घाई केली की डोके दुखते, मळमळते, उलट्या होतात, झोप उडते. तरी चढत राहिले तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचते आणि माणूस दगावतो. याला तरणाबांड, व्यायामपटू, सैनिक असा कुणी अपवाद नाही. लक्षणे वाढू लागली की खाली उतरणे हा एकच खरा उपाय. म्हणून तिथले वाटाडे वाटेत सारखे दोन शब्द उच्चारत असतात : "पोले पोले." स्वाहिली भाषेत याचा अर्थ हळूहळू. जो हळू जातो तो पोहोचतो. जो पाच दिवसांत उरकायला बघतो, त्याच्यापेक्षा सात-आठ दिवस देणाऱ्याला यश मिळण्याची शक्यता पुष्कळच जास्त.

इतकी झाली भूगोलाची माहिती. आता इतिहासाकडे वळू, कारण खरा हिशेब तिथे सुरू होतो.

या डोंगराच्या उतारावर चग्गा नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. डोंगरातले पाणी पाटांनी शेतात आणायची त्यांची जुनी पद्धत आहे. माथ्यावर बर्फ आहे हे त्यांना ठाऊक होते. १८४८ साली योहानेस रेबमान नावाचा जर्मन मिशनरी तिकडे गेला आणि त्याने डोंगरावर बर्फ पाहिले. त्याने ते लिहून कळवले. तेव्हा लंडनमध्ये बसलेल्या विद्वान भूगोलतज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढले. विषुववृत्तावर बर्फ असूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. ज्यांनी आफ्रिकेतला तो भाग कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, ते सांगत होते की तिथे काय असू शकते आणि काय नाही! डोंगर जागच्या जागी होता. चग्गा लोकही जागच्या जागी होते. पण त्यांना विचारावे असे कुणाला वाटले नाही. पुस्तकातले खरे आणि राहणाऱ्याचे खोटे, हा न्याय आपल्याही परिचयाचा आहे.

पुढे जर्मनीने हा मुलूख आपल्या ताब्यात घेतला. ६ ऑक्टोबर १८८९ रोजी हान्स मेयर हा लाइपझिगचा श्रीमंत प्रकाशक-घराण्यातला गृहस्थ आणि लुडविग पुर्टशेलर हा ऑस्ट्रियन शिक्षक, असे दोघे किबोच्या सर्वोच्च टोकावर पोहोचले. मेयरचा हा तिसरा प्रयत्न होता. त्याने त्या टोकाला आपल्या बादशहाचे नाव दिले : कैसर विल्हेल्म शिखर. माथ्यावरचा एक दगडही त्याने बरोबर आणला. त्याचा एक तुकडा बादशहाला नजर केला आणि तो पोट्सडामच्या राजवाड्यात भिंतीत बसवला गेला. म्हणजे डोंगराला नाव कैसरचे आणि डोंगराचा तुकडा कैसरच्या दिवाणखान्यात!

मेयर या खेपेला यशस्वी कशामुळे झाला? त्याने डोंगरावर टप्प्याटप्प्याने तळ उभारले आणि खालून वर अन्न येत राहील अशी व्यवस्था केली. त्यामुळे एक प्रयत्न फसला तरी थेट पायथ्याशी परत जावे लागत नसे. थोडे थांबून पुन्हा चढता येई. आता हे अन्न वर कसे येत होते? माणसांच्या डोक्यावरून. वरच्या थंडगार तळावर मुइनी अमानी नावाचा पांगानीकडचा माणूस राहिला. त्याने स्वयंपाक केला आणि तळ राखला. मेयर-पुर्टशेलर ही नावे जगभरच्या पुस्तकांत आहेत. मुइनी अमानीचे नाव किती जणांनी ऐकले आहे?

योहानी किन्याला लाऊवो या मरांगूच्या चग्गा वाटाड्याचे नावही पुढे फार गाजले. मेयरला पहिल्या चढाईत वाट दाखवणारा तो हाच, असे टांझानियात सांगतात. १९८९ साली त्या चढाईची शंभर वर्षे साजरी झाली, तेव्हा तो हयात होता आणि त्याला मानाने घर बांधून देण्यात आले. १९९६ साली तो वारला, तेव्हा त्याचे वय सव्वाशे होते असे म्हणतात. मेयरच्या पुस्तकात त्याचे नाव नाही आणि काही अभ्यासक या हकिकतीबद्दल शंका घेतात. मला यात वेगळीच गोष्ट दिसते. ज्यांनी ओझे वाहिले त्यांचा हजेरीपट कुणी नीट ठेवला असता, तर शंभर वर्षांनी असा वाद घालायची पाळीच आली नसती. साहेबांची रोजनिशी जपून राहिली. हमालांची हजेरी राहिली नाही.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मन गेले आणि इंग्रज आले. मुलखाचे नाव टांगानिका झाले. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला. त्याच्या दोन वर्षे आधी, १९५९ मध्ये, तिथले नेते ज्युलियस न्येरेरे यांनी विधिमंडळात एक भाषण केले होते. किलिमांजारोच्या माथ्यावर आम्ही एक ज्योत लावू, तिचा उजेड आमच्या सीमांपलीकडे जाईल, जिथे निराशा आहे तिथे आशा देईल आणि जिथे माणसाचा अपमान होतो तिथे त्याला प्रतिष्ठा देईल, असा त्या भाषणाचा आशय होता. न्येरेरे हे मूळचे शिक्षक. लोक त्यांना आदराने म्वालिमू, म्हणजे गुरुजी, म्हणत. स्वातंत्र्याच्या रात्री अलेक्झांडर न्यिरेंडा या तरुण लष्करी अधिकाऱ्याने खरोखरच शिखरावर मशाल आणि नव्या राष्ट्राचा झेंडा नेऊन उभा केला. कैसरचे नाव गेले. शिखराचे नाव झाले उहुरू. स्वाहिलीत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य.

वाचकहो, नावात काय आहे असे ज्यांना वाटते, त्यांना वाटो. सोळा-सतरा वर्षे नामांतरासाठी लाठ्या खाल्लेल्या, घरे जळताना पाहिलेल्या आणि १४ जानेवारी १९९४ चा दिवस पाहिलेल्या समाजाला नावाची किंमत कुणी शिकवायला नको. डोंगराचे नाव कैसर असले की तिथे जन्मलेले मूल आपल्याच डोंगराकडे परक्याची मालमत्ता म्हणून बघते. तेच नाव स्वातंत्र्य झाले की ते मूल मान वर करून बघते.

पण याच जागी थांबून पुढचा प्रश्नही विचारायला हवा. नाव बदलले. ओझे उतरले का?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी मुले बसतात. तिथे एकदा या डोंगराचा फोटो आम्ही सगळ्यांना दाखवला. पुढे रंगीत कोट घातलेले चार-पाच पाहुणे हातात काठ्या घेऊन चालले आहेत आणि मागे काही माणसे डोक्यावर मोठमोठी बोचकी घेऊन चालली आहेत, असे ते दृश्य. सगळ्या मुलांनी डोंगर पाहिला, बर्फ पाहिले. एका आठवीतल्या मुलीने विचारले, "सर, मागचे लोक कोण? त्यांच्या पायात तसले बूट का नाहीत?" तिचे वडील बाजारात हमाली करतात. डोंगर बघायला सगळ्यांना डोळे असतात. ओझे बघायला घरातला अनुभव लागतो.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. किलिमांजारोवर परवानाधारक वाटाड्याशिवाय कुणालाही चढू देत नाहीत. वाटाड्याबरोबर स्वयंपाकी येतो आणि सामान वाहणारे पोर्टर येतात. तंबू, भांडी, गॅस, धान्य, भाजी, खुर्च्या, टेबल आणि पाहुण्यांच्या बॅगा हे सर्व माणसांच्या डोक्यावरून आणि पाठीवरून वर जाते. एका पाहुण्यामागे साधारण तीन ते चार पोर्टर लागतात. पाहुणा सकाळी न्याहारी करून निघतो. त्याच्यामागून पोर्टर तंबू उतरवतात, बांधतात, पाहुण्याला मागे टाकून पुढे जातात आणि तो पोहोचायच्या आत पुढच्या मुक्कामावर तंबू उभा करून चहाचे पाणी ठेवतात. यांतले बहुतेक पुरुष आहेत, काही स्त्रियाही आहेत. यांना शिखर गाठायचे नसते. शेवटच्या रात्री पाहुणे वर जातात, पोर्टर तळावर थांबतात. म्हणजे ज्या माणसाने हा डोंगर वर्षातून वीस वेळा निम्मा-अधिक चढला, त्याच्याजवळ त्या पाटीसमोरचा एकही फोटो नसू शकतो.

ओझ्याला नियम आहे. एका पोर्टरवर २० किलोंपेक्षा जास्त बोजा देऊ नये असा दंडक आहे आणि प्रवेशद्वारावर वजनकाटा असतो. पण नियम आणि काटा असला तरी काट्यापुढे गेल्यावर काय होते, हे आपल्यातल्या गोदीत, गोदामात, मार्केट यार्डात काम केलेल्यांना सांगावे लागत नाही. वरच्या वळणावर एकाचे ओझे दुसऱ्यावर चढते. कमी माणसे नेली की ठेकेदाराचे पैसे वाचतात. अपुरे कपडे, फाटके बूट, दिवसातून एकदाच जेवण, दाटीवाटीचा तंबू अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या. थंडीने गारठून आणि उंचीच्या आजाराने पोर्टरही मरतात. डोंगरात राहणाऱ्याला उंचीचा त्रास होत नाही ही समजूत खोटी आहे. बरेच पोर्टर खालच्या गावांतून, शेती पुरत नाही म्हणून आलेले असतात.

आता पैशांचा हिशेब मांडू. बी.कॉम.चे शिक्षण इथे कामाला येते. समजा एका पाहुण्याने सहा दिवसांच्या चढाईसाठी कंपनीला २,००० डॉलर दिले. याहून स्वस्तही मिळते आणि दुपटीने महागही मिळते, पण मधला आकडा धरू. काही वर्षांपूर्वीच्या दरपत्रकाप्रमाणे उद्यानाचे शुल्क माणशी दिवसाला ७० डॉलर, तंबूच्या जागेचे रात्रीला ५० डॉलर आणि बचावकार्याचे एकदाच २० डॉलर. सहा दिवस, पाच रात्री. बेरीज झाली ६९० डॉलर. त्यावर १८ टक्के कर धरला की ८१४ डॉलर. हे सरकारी खात्यात जमा. आता पोर्टरचे पाहू. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने बरीच वर्षे धरलेला किमान दर दिवसाला २०,००० टांझानियन शिलिंग होता. ऐकायला आकडा मोठा वाटतो. प्रत्यक्षात तो साधारण आठ डॉलर, म्हणजे आपले सहा-सातशे रुपये. तीन पोर्टर, सहा दिवस, आठ डॉलर : १४४ डॉलर. दोन हजारांतले एकशे चव्वेचाळीस, म्हणजे शंभरातले सात. ही पूर्ण मजुरी हातात पडली तर. अनेक कंपन्या तेवढीही देत नाहीत.

मग हा माणूस जगतो कशावर? बक्षिशीवर. शेवटच्या दिवशी पाहुणे खूश होऊन पैसे देतात. प्रथा अशी पडली आहे की, कंपनीने मजुरी कमी द्यायची आणि पोर्टरने पाहुण्याच्या मर्जीकडे डोळे लावून बसायचे. तो पैसा पुष्कळदा मुख्य वाटाड्याच्या, आपल्या भाषेत मुकादमाच्या हातात दिला जातो आणि खालपर्यंत पोहोचता पोहोचता त्याला गळती लागते. इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बक्षिशी ही देणाऱ्याची दया आहे. मजुरी हा घेणाऱ्याचा हक्क आहे. दयेवर चालणाऱ्या घरात मुलाची फी कधी भरली जाते, कधी राहते. हक्काच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात पहिल्या तारखेला काय येणार हे बाईला ठाऊक असते. एवढ्या एका फरकावर पिढी शिकते किंवा राहते.

परिस्थिती अगदीच जैसे थे आहे असेही म्हणता येणार नाही. २००३ साली मोशी या पायथ्याच्या शहरात 'किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट' ही संस्था सुरू झाली. ती पोर्टरांना गरम कपडे आणि बूट विनामूल्य वापरायला देते. त्यांचे वर्ग घेते. त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे ती चढाईनंतर पोर्टरांनाच विचारते : वजन किती होते, जेवण किती वेळा मिळाले, झोपायला काय होते, हातात पैसे किती पडले? जी कंपनी या कसोट्यांना उतरते तिचे नाव ती यादीत घालते. कुठली कंपनी चांगली, हे कंपनीच्या जाहिरातीवरून न ठरवता हमालाच्या तोंडून ठरवायचे, ही पद्धत मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे १९६९ साली माथाडी कायदा झाला तेव्हाही मूळ मुद्दा हाच होता की, हमालाची नोंद हवी, त्याचे वेतन मंडळामार्फत यावे, मुकादमाच्या मुठीतून नको.

याच डोंगराच्या लोकांनी एका बाबतीत ही लढाई पूर्वी जिंकलीही आहे. इंग्रजी अमलात गोऱ्या मळेवाल्यांना आफ्रिकन शेतकऱ्यांनी कॉफी लावलेली खपत नव्हती. कॉफी आम्ही पिकवू, तुम्ही आमच्याकडे मजुरीला या, असा त्यांचा होरा. चग्गा शेतकऱ्यांनी १९२५ साली आपला संघ बांधला आणि १९३३ साली त्यातून सहकारी संघ उभा राहिला. आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या सहकारी संस्थांत त्याची गणना होते. ज्या उतारावर आज पोर्टर बोजा घेऊन निघतो, त्याच उतारावर त्याच्या पणजोबाने संघटित होऊन आपल्या मालाचा भाव मागितला होता. एकट्याने मागितले की ती विनवणी होते. संघाने मागितले की ती मागणी होते.

अलीकडे एक नवीच गोष्ट निघाली. २०१९ साली टांझानिया सरकारने डोंगरावर रज्जुमार्ग, म्हणजे पाळण्यात बसून वर नेणारी तारेची गाडी, करण्याचा विचार जाहीर केला. वृद्धांना, अपंगांना, कमी दिवस असलेल्यांना डोंगर पाहता येईल आणि पर्यटक वाढतील, असे कारण दिले गेले. पोर्टर आणि वाटाडे यांनी विरोध केला. वरवर पाहता विचित्र वाटेल की ओझे उतरवणाऱ्या यंत्राला ओझे वाहणाराच विरोध करतो. गिरणी कामगारांच्या घरांत हे कोडे कुणाला पडणार नाही. ओझे जावे असे प्रत्येकाला वाटते, पण ओझ्याबरोबर चूलही गेली तर काय करायचे, याचे उत्तर यंत्र आणणारा देत नाही. यंत्राला विरोध नसावा. पण यंत्र येण्याआधी ज्याचे काम जाणार त्याला टेबलाशी बसवून विचारले पाहिजे.

दरम्यान, डोंगरही बदलतो आहे. १९१२ साली माथ्यावर सुमारे १२ चौरस किलोमीटर बर्फ होते. शंभर वर्षांत त्यातले पाचातले चार हिस्से नाहीसे झाले. या शतकाच्या मध्यापर्यंत हिमनद्या पूर्ण संपतील असा इशारा युनेस्कोने २०२२ साली दिला. ज्या बर्फावर लंडनच्या विद्वानांचा विश्वास बसला नव्हता, ते बर्फ आमच्या नातवंडांना फक्त चित्रात दिसेल. ऑक्टोबर २०२० मध्ये डोंगरावर मोठा वणवाही लागला होता. ज्यांनी हवा कमी बिघडवली, त्यांच्या डोंगराला झळ आधी लागते.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येतो : आपण जाऊ शकू का?

जाऊ शकतो. याचा दाखला पूर्णा मालावत या मुलीने दिला आहे. तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची ही आदिवासी मुलगी. आईवडील शेतमजूर. ती समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत शिकत होती. तिथे निवड झाली, भोंगीरच्या खडकावर सराव झाला, दार्जिलिंगला शिक्षण झाले आणि २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षे पुरी व्हायच्या आधी, ती एव्हरेस्टवर पोहोचली. तिच्याबरोबर त्याच शाळांच्या संस्थेतला आनंद कुमार हा दलित विद्यार्थीही होता. २०१६ साली पूर्णा किलिमांजारोवर गेली आणि २०२२ साली तिने सातही खंडांतली सर्वोच्च शिखरे पूर्ण केली. ज्या वसतिगृहांच्या जेवणाबद्दल, गळक्या छपराबद्दल आपण निवेदने देत असतो, तसल्याच सरकारी निवासी शाळेतली ही मुलगी. कुवत वस्तीत भरपूर आहे. कमी पडते ती कुणीतरी पुढे केलेली यादी, सराव आणि वर जाण्याचे भाडे.

तेव्हा पालकांना माझे सांगणे एवढेच आहे. मुलगा किंवा मुलगी डोंगर चढायचे म्हणाली, तर तो श्रीमंतांचा शौक म्हणून उडवून लावू नका. सुरुवात सह्याद्रीत करा. कळसूबाईला एसटीने जाता येते, पायथ्याच्या बारी गावातून वाट आहे. चढताना हळू चालणे, पाणी पिणे, सोबत्याला मागे न सोडणे आणि तब्येत बिघडली तर शिखर चार पावलांवर असले तरी लाज न बाळगता परत फिरणे, हे चार धडे तिथेही शिकता येतात. शाळा-महाविद्यालयांतून एन.सी.सी. असते, सरकारी गिर्यारोहण संस्थांचे अभ्यासक्रम असतात. त्यांची चौकशी करा. मुलींना मागे ठेवू नका.

आणि जे पुढेमागे खरोखर किलिमांजारोला किंवा हिमालयात जातील, त्यांनी पैसे भरण्याआधी कंपनीला चार प्रश्न विचारावेत. पोर्टरला रोज किती देता? त्याचा बोजा किती? त्याला जेवण किती वेळा आणि निजायला काय? बक्षिशीचे पैसे त्याच्या हातात कसे पोहोचतात? उत्तर देताना जो चाचरतो, त्याच्याकडे पैसे भरू नका. बक्षिशी द्यायची ती सगळ्यांसमोर, आकडा मोठ्याने सांगून द्या. आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची ओझी वाहिली. आपल्यातला कुणी पहिल्यांदा पाहुणा होऊन डोंगरावर जाईल, तेव्हा त्याच्या मागे चालणाऱ्याचे नाव त्याला ठाऊक असले पाहिजे. उतरल्यावर वस्तीत फोटो दाखवाल, तेव्हा त्या माणसाचाही एक फोटो असू द्या आणि नाव घेऊन त्याची ओळख करून द्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा नेहमीच्या विषयाकडे येऊ. कंत्राटी सफाई कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीबद्दल बरीच पत्रे आली आहेत, त्यांना उत्तरे द्यायची आहेत. पगाराच्या पावत्या जपून ठेवा. जयभीम.